सेक्टर दहातल्या एका इंजिनिअरचं निधन

समस्त आप्तेष्ट, शेजारी आणि तिन्ही शिफ्टच्या बांधवांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, सेक्टर दहा येथील एक होतकरू इंजिनिअर अकरावीच्या पहिल्याच दिवशी, सकाळच्या प्रार्थनेनंतर, अकाली कालवश झाला. मृत्युसमयी त्याचे वय सोळा होते. दहावीत त्याला गणितात उत्तम गुण होते, ही गोष्ट दुःखात भर घालते. अंत्यदर्शनासाठी तो शाळेच्या वरच्या मजल्यावर, आर्ट्सच्या वर्गात, खिडकीजवळच्या बाकावर, शाळा सुटेपर्यंत रोज उपलब्ध आहे.

हा मजकूर कुठे छापून आला नाही. छापायची गरजच पडली नाही. दुपारी दोनला शिफ्ट सुटली, सायकली आणि स्कूटर घराकडे वळल्या आणि चहा उकळायच्या आत क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीला कळलं की क्रेन ऑपरेटरच्या पोरानं आर्ट्स घेतलं. तो पोरगा मी. आज चाळिशी ओलांडून, पोट सुटून, केस मागे सरकूनही मी त्या निधनाची गोष्ट सांगायची एकही संधी सोडत नाही. माणसाला स्वतःच्या मयतीला हजर राहायला मिळतं कुठे?

भिलाईत, म्हणजे पोलादाच्या प्लांटभोवती वसलेल्या आमच्या गावात, मुलगा दहावी झाला की गणित घ्यायचा. ‘घ्यायचा’ म्हणणंही चूकच, कारण घेण्यात थोडा तरी विचार असतो. कावीळ झाली की माणूस पिवळा पडतो, तसं ते आपोआप होत असे. अकरावीत गणित, संध्याकाळी कोचिंग, रात्री पुन्हा गणित आणि पुढे इंजिनिअर. एखाद्याच्या आईला डॉक्टर हवा असेल तर बायोलॉजी. आर्ट्स होतं, पण ते मुलींचं. त्या वर्गात मुलगा बसल्याचं शाळेच्या शिपायालाही आठवत नव्हतं, आणि शिपायाला सगळं आठवत असे.

मग मला हे कुठून सुचलं? भिंतीतून. दहावीत आमचा वर्ग मधोमध होता. एका बाजूला अकरावी गणित, दुसऱ्या बाजूला अकरावी आर्ट्स. मी शेवटच्या बाकावर बसायचो आणि दोन्हीकडचं ऐकायचो. गणिताच्या भिंतीतून फक्त खडूचा आवाज यायचा. टक, टक, सर्रर्र, टक. आर्ट्सच्या भिंतीतून हसू यायचं. आधी कुणीतरी बोलत असायचं, मग शांतता, आणि मग एकदम पत्र्यावर वाटाणे सांडावेत तसं सगळ्या वर्गाचं हसू. तिथे इतिहासाच्या मॅडम शिकवत. त्या काय सांगतात ते कळायचं नाही, नुसतं हसू ऐकू यायचं. वर्षभर ते ऐकल्यावर माझा निर्णय झाला होता. जिकडे हसतात तिकडे जायचं. इतक्या गंभीर विषयावर इतका साधा विचार केल्याबद्दल मला पुढे बरंच ऐकून घ्यावं लागलं, पण त्याहून चांगलं कारण मला आजही सापडलेलं नाही.

आमची सायकलवाल्यांची एक टोळी होती. तिचा पुढारी रुआबांधा वस्तीतला, उंच, मिशी फुटलेला. सुट्टीत त्यानं सगळ्यांकडून शपथ घेतली होती की गणित घ्यायचं, एका रांगेत बसायचं, एकाच कोचिंगला जायचं. मीही शपथ घेतली. त्या दिवशी समोसे त्याच्याकडून होते आणि माझं तोंड भरलेलं होतं, त्यामुळे माझे शब्द कुणाला नीट कळले नसावेत. गणिताचा वर्ग त्या वर्षी खाली हलवला होता. पहिल्या दिवशी प्रार्थना संपली, टोळी डावीकडे वळली आणि मी उजवीकडे. मागून हाक आली. मी वळून कमरेत वाकून मुजरा केला आणि जिना चढलो.

वर्गात मी शिरताच सगळ्या मुली उभ्या राहिल्या. त्यांना वाटलं, कुणीतरी काहीतरी निरोप घेऊन आलंय. मी खिडकीजवळच्या रिकाम्या बाकावर दप्तर ठेवलं. मॅडम आल्या, त्यांनी चष्मा काढून पुसला, परत लावला, आणि मायेनं म्हणाल्या की बेटा, तुझा वर्ग खाली आहे. मी म्हटलं, मॅडम, माझा वर्ग हाच. त्यांनी मला निरखून पाहिलं आणि हजेरी घ्यायला लागल्या. माझं नाव त्यात नव्हतं. ते गणितात होतं. शाळेत नियम असा की चांगल्या गुणांच्या मुलाचं नाव विचारल्याशिवायच गणितात जायचं.

त्यामुळे रोज एक सोहळा व्हायला लागला. पहिल्या तासाला गणिताच्या सरांच्या हजेरीत माझा नंबर यायचा, उत्तर यायचं नाही, आणि सर मला न्यायला यायचे. बिचारे स्थूल होते, जिना चढून धापा टाकत दारात उभे राहायचे आणि बोटानं खूण करायचे. मी उठायचो, त्यांच्याबरोबर जायचो, गणितात बसायचो, आणि पुढच्या तासाची घंटा झाली की दप्तर उचलून परत यायचो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. काही दिवसांनी मुलींनी जिन्यावर पहारा बसवला. सर दिसले की पहारेकरीण खोकायची, सगळ्या वर्गाला एकदम खोकला लागायचा आणि मी शेवटच्या बाकाखाली जायचो. मॅडम फळ्याकडे तोंड करून उभ्या राहायच्या. त्यांचे खांदे हलताना मी बाकाखालून पाहिले आहेत.

टोळीनं मला ‘दीदी’ नाव ठेवलं. मी दिसलो की सगळे मिळून सायकलच्या घंट्या वाजवायचे. त्यात भर म्हणजे आर्ट्समध्ये इतिहास आणि राज्यशास्त्राच्या जोडीला आमच्या शाळेत गृहविज्ञान घ्यावंच लागे, दुसरा विषयच नव्हता. मला एप्रन मिळाला, त्याला कडेनं झालर होती. शिवणाच्या तासाला रुमालाला हेम घालायला दिली तेव्हा मी मांडीवर रुमाल ठेवून इतक्या तल्लीनतेनं टाके घातले की घंटा झाल्यावर मी उठलो आणि रुमालही माझ्याबरोबर उठला. पॅंटलाच शिवला होता. स्वयंपाकाच्या तासाला मात्र मी बरा होतो. एकदा उपम्याचा डबा घेऊन बाहेर पडलो तर टोळी फाटकाशी उभीच होती.

“क्यों दीदी, आज क्या पकाया?” पुढाऱ्यानं विचारलं.

मी झाकण उघडून डबा त्याच्या नाकाखालून एकदा फिरवला, झाकण लावलं आणि म्हटलं, “भाइयों के लिए कुछ नहीं.” टोळीतला एक जण हसला. पुढाऱ्यानं त्याच्याकडे पाहिलं, मग तो गप्प झाला. पण हसला होता, ते मी ऐकलं.

घरी मात्र मामला वेगळा होता. घरी लोक समाचाराला यायला लागले होते. हा आमच्या विदर्भातून आलेल्या घरांचा रिवाज. प्लांटमध्ये कुणाला लागलं, गावाकडे कुणी गेलं, कुणाच्या पोरीचं मोडलं, की संध्याकाळी लाइनीतली माणसं येऊन बसतात, पाणी पितात, खालच्या आवाजात दोन शब्द बोलतात. माझ्यासाठीही आली. शेजारच्या काकूंनी आईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, “मायी बहीण हाये न नागपूरची, तिच्या दिरानंबी आर्ट्स घेतलं होतं. आता बरा हाये तो.” अहिवाऱ्याहून मामा स्कूटरवर आले ते आजाऱ्याला आणतात तशी केळी घेऊन. बाबांना म्हणाले, भाऊजी, मनाले लावून घेऊ नका. आणि मला पाहून त्यांनी डोळे पुसले. केळी मी खाल्ली.

बाबा काहीच बोलले नाहीत. मुळात ते कमी बोलायचे. ते प्लांटमध्ये क्रेन चालवायचे, शेडच्या छताशी, केबिनमध्ये एकटे. खाली इतका गोंगाट की माणसाचा आवाज वर पोचतच नाही. खालचा खलाशी, म्हणजे मालाला साखळ्या अडकवणारा कामगार, हातानं खुणा करतो आणि वरचा त्याप्रमाणे माल उचलतो, ठेवतो. बोट वर करून गोल फिरवलं की उचल. बोट खाली करून फिरवलं की उतरव. मूठ मिटली की थांब, जिथे आहे तिथे. आयुष्यभर हातांकडे पाहत काम केलेला माणूस, त्याला जिभेची सवय किती असणार? पण माझ्याशी ते थोडं तरी बोलायचे. आर्ट्सची बातमी कळल्यापासून तेही बंद झालं. मी समोर बसलेला असताना ते आईला सांगायचे, त्याले म्हणा सायकलीत हवा भर. आई माझ्याकडे वळून म्हणायची, सायकलीत हवा भर. मी आईला म्हणायचो, भरली म्हणा. आई म्हणायची, “मी का टेलिफोन हाये का?” मला हसू यायचं. बाबांना यायचं नाही.

एका संध्याकाळी भाकरी थापता थापता आईनं मला कारण सांगितलं.

“ते वरतून खाली पाहून राह्यते न, तं त्याइले माणसं नाई दिसत, हेल्मेटच दिसते,” ती म्हणाली. “पिवळे आपले, पांढरे साहेबाइचे. त्याइच्या मनात एकच होतं, का एक दिवस खालतं पांढरं हेल्मेट दिसावं अन् ते आपल्या पोराचं असावं. दुसरं काई नाई.”

मी तव्यावरची भाकरी उलटली.

इथे मला एक जुनी गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढची कळायची नाही. बाबांची नाइट असली की ते सकाळी घरी येऊन झोपायचे, आणि दाराबाहेर त्यांचे सेफ्टी शूज उभे असायचे. ते शूज दिसले की सगळी लाइन आवाज खाली करायची. भाजीवाला आमच्या दारापुरता मुका व्हायचा. पोरं क्रिकेट बंद करून मागच्या गुलमोहराखाली यायची, आणि करायला दुसरं काही नसल्यामुळे मी गोष्ट सांगायचो, आवाज न करता. तोंडानं नाही, हातांनी, भुवयांनी, पाठीनं. राक्षस, राणी, बैलगाडी, म्हातारी, सगळं मी एकटा. खुणा कमी पडल्या की बाबांच्या क्रेनच्या खुणा घ्यायचो, त्या सगळ्या पोरांना पाठ होत्या, कारण सगळ्यांचेच बाप प्लांटमध्ये. हसू आलं की शर्टाची कॉलर तोंडात धरायची, असा नियम. या प्रकाराला पोरं ‘नाइटची गोष्ट’ म्हणायची. त्यात मी लाइनीत मशहूर होतो. फक्त एका माणसानं ती कधी पाहिली नव्हती. ती चालू असताना तो घोरत असायचा.

आर्ट्सच्या वर्गात मॅडमना हे कळलं ते मुलींमुळे. एकदा त्या उशिरा आल्या तर मी बाकाजवळ उभा राहून एका राजाचा राज्याभिषेक करत होतो. मुकुट मोठा होता, सारखा नाकावर येत होता. मॅडम दारातच थांबल्या. तेव्हापासून तासाचा शेवटचा तुकडा माझा झाला. त्या धडा शिकवायच्या आणि मी तो करून दाखवायचो. हसू आता मी भिंतीच्या अलीकडून ऐकत होतो.

हे असं सुखानं चाललं असतं, पण गणिताच्या सरांचे गुडघे दुखायला लागले आणि त्यांनी प्रिन्सिपल सरांकडे तक्रार केली. प्रिन्सिपल सर उंच, कडक, बुटांचा आवाज न करता चालणारे. त्यांनी मला बोलावलं, समोर उभं केलं आणि डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग शांतपणे म्हणाले की शाळेत असं आजवर झालेलं नाही. मी म्हटलं, सर, आता झालं. त्यांच्या मागे उभ्या असलेल्या शिपायानं छताकडे पाहिलं.

“शनिवार को तुम्हारे पिताजी यहाँ आएँगे और अपने मुँह से कहेंगे, गणित या आर्ट्स,” ते म्हणाले. “उनके मुँह से सुनूँगा, तुम्हारे नहीं.”

झालं. आता सगळं त्या एका तोंडावर आलं, जे माझ्याशी बोलतच नव्हतं.

शुक्रवारी रात्री बाबा नाइटला गेले. जाताना आईनं त्यांना शाळेचं पुन्हा सांगितलं, तेव्हा ते हं म्हणाले. त्या हंचा अर्थ काय, यावर मी आणि आईनं बरीच चर्चा केली. ती म्हणाली, जातीन. मी विचारलं, जाऊन काय म्हणतीन? ती म्हणाली, “ते मले मालूम असतं तं मी त्याइच्या आंधीच जाऊन सांगितलं नसतं?”

शनिवारी गणिताची टेस्ट वर, आमच्या शेजारच्या वर्गात ठेवली होती. प्रिन्सिपल सरांची ताकीद होती की वरच्या मजल्यावर चिटपाखराचाही आवाज नको. मॅडमनी हळू आवाजात धडा संपवला. दिल्लीच्या त्या सुलतानाचा धडा होता, ज्यानं सगळी राजधानी उचलून दक्षिणेत देवगिरीला नेली. धडा संपला तरी घंटेला वेळ होता. मुली माझ्याकडे पाहायला लागल्या. मॅडमनी ओठांवर बोट ठेवलं, मग माझ्याकडे पाहून मान हलवली. म्हणजे कर, पण आवाज नको.

आवाज नको, हे मला सांगत होत्या. मी तर त्यातच लहानाचा मोठा झालो होतो.

मी फळ्यापुढे आलो आणि सुलतान झालो. गादीवर बसलो, दाढी कुरवाळली, कंटाळलो. नकाशा पाहिला, उलटा धरला, सुलटा केला. मग हळूच उजवा हात वर केला, बोट वर, आणि गोल फिरवलं. उचल. आणि सगळी दिल्ली उचलली. मी म्हातारा झालो, डोक्यावर ट्रंक. मी त्याची बायको झालो, काखेत कोंबडी. कोंबडी सुटली, तिच्यामागे अर्धं शहर धावलं. मी हलवाई झालो, कढई डोक्यावर घेतली, ती टोपीसारखी बसली आणि निघेना. मुलींनी ओढण्या तोंडात कोंबल्या. एकीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मॅडम टेबलाचा कोपरा घट्ट धरून बसल्या होत्या. चालून चालून लोकांचे पाय सुजले, चपला तुटल्या, म्हातारा मागे वळून वळून पाहत राहिला. शेवटी देवगिरी आली. मी हात खाली केला, बोट फिरवलं, उतरव. ट्रंका उतरल्या. म्हातारीनं चूल मांडली, फुंकर मारली. हलवायाची कढई अखेर निघाली, तिच्यात तेल ओतलं. पहिली जिलबी पडली. लोकांना जरा बरं वाटायला लागलं.

तेवढ्यात गादीवर सुलतान पुन्हा कंटाळला. दाढी कुरवाळली. त्यानं हात वर केला. मुली बाकांवरून पुढे झुकल्या. आणि तेव्हाच माझी नजर दाराकडे गेली.

दारात तिघं उभे होते. एका बाजूला प्रिन्सिपल सर. दुसऱ्या बाजूला गणिताचे सर, टेस्ट सोडून आलेले, गुडघ्यावर हात ठेवून. आणि मधे बाबा. नाइटवरून आलेले, अंगावर प्लांटचे कपडे, पायांत ते शूज, डोळे लाल, काखेत हेल्मेट. कधीपासून उभे होते कुणास ठाऊक. पण त्यांचा उजवा हात कमरेशी अर्धा पुढे आला होता आणि तिथे नसलेल्या क्रेनच्या दांड्यावर बोटं मिटलेली होती. माझ्या बोटाबरोबर ते क्रेन चालवत होते. सगळी दिल्ली त्यांनीच उचलून आणली होती.

माझा वर गेलेला हात तिथेच मिटला. मूठ. थांब. बाबांचा हातही थांबला.

घंटा झाली. कुणी उठलं नाही. प्रिन्सिपल सरांनी घसा खाकरला आणि बाबांकडे वळून विचारलं की बोला, मुलगा इथे बसेल की तिथे, तुमच्या तोंडून ऐकायचंय. गणिताचे सर वाट पाहत होते. मॅडम वाट पाहत होत्या. मला कान दिसत होते, सगळ्या वर्गाचे कान बाबांच्या दिशेनं वळलेले. बाबांनी प्रिन्सिपल सरांकडे पाहिलंच नाही. त्यांना ते ऐकूही गेलं नसावं. ते माझ्या मिटलेल्या मुठीकडे पाहत होते, आणि क्रेनच्या केबिनमधून खाली ओरडावं तसे, इतक्या दिवसांत मला पहिल्यांदाच, टेस्टमधल्या पोरांच्याही माना वर होतील एवढ्या मोठ्यानं म्हणाले:

“अबे, मंग पुढं काय झालं?”